डीसींच्या शेजारी उभा राहणारा माणूस

वीरण्णा बिरादारांना साहेब व्हायचं होतं, आणि ते झालेसुद्धा. पण सरकारी खात्यातली साहेबी मोठी विचित्र. तुमच्या वर एक साहेब असतो, त्याच्या वर आणखी एक, आणि जन्मभर वर बघता बघता माणसाची मान आखडते ती आखडतेच. आमच्या वीरण्णांची खरोखरच आखडली होती. डॉक्टरांनी पट्टा दिला होता, पण पट्टा घालून सभेत बसणं बरं दिसत नाही, म्हणून तो गाडीच्या मागच्या सीटवर लोळत असायचा.

मूळचे ते कन्नड मुलखातल्या, मराठी सीमेजवळच्या खटकचिंचोळीचे. बसवण्णांना मानणारं लिंगायत घर, वडिलांचं किराणा दुकान, गावाबाहेर थोडी शेती. घरात आईशी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, तालुक्याच्या वकिलाशी दखनी उर्दू. राज्याची परीक्षा पास होऊन पोरगा तहसीलदार झाला तेव्हा वडिलांनी भर बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवलं. ते दुकान तोवर मयतीलासुद्धा बंद राहिलं नव्हतं. आई मात्र सगळ्यांदेखत म्हणाली, तहसीलदार झालास, आता डीसी हो. इकडं कलेक्टरला डीसी म्हणतात. तेव्हा सगळे हसले. वीरण्णा हसले नाहीत, त्यांनी ते मनावर घेतलं.

मग बदल्या सुरू झाल्या. बायको शिवलीला हिनं पहिली काही वर्षं हौसेनं पडदे शिवले. प्रत्येक क्वार्टरच्या खिडक्या वेगळ्या मापाच्या निघायला लागल्या तेव्हा तिनं पडद्यांचा नाद सोडला आणि खिडक्यांना जुन्या साड्या बांधल्या. विचारणाऱ्याला सांगायची, साहेब मोठे झाले की लावू पडदे.

मोठं होण्यासाठी वीरण्णांजवळ एक गुण होता, आणि त्या गुणानंच त्यांची वाट लावली. सीमेवरच्या तालुक्यांत डीसींची तक्रार-सभा भरली की लोक आपलं गाऱ्हाणं गावच्या बोलीत, मराठीतच मांडायचे. डीसी बहुतेक लांबचे, कष्टानं कन्नड शिकून आलेले. मराठी ऐकलं की ते बावरायचे आणि म्हणायचे, बिरादारांना बोलवा. वीरण्णा कुठल्याही पदावर असोत, सभेत त्यांची जागा ठरलेली, डीसींच्या खुर्चीशेजारी, उभं. लोकांचं मराठी ऐकायचं आणि साहेबांना कन्नडमध्ये सांगायचं.

आता आपल्याकडची माणसं कशी बोलतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. एकानं म्हणावं, तलाठी मेला का जित्ता हाय तेच कळंना, त्याला एकदा गावात आणून दाखवा. वीरण्णा सांगायचे, तलाठ्यांची उपस्थिती अनियमित आहे. एखादी बाई म्हणायची, हे पाणी साहेबाच्या लेकराला पाजून बघा. वीरण्णा सांगायचे, पाण्याच्या तपासणीची विनंती आहे. साहेब खूश, सभेत गोंधळ नाही, आणि तक्रारदारही हात जोडून खाली बसायचा. प्रत्येक डीसी जाताना शेरा लिहून जायचा की हा अधिकारी परिस्थिती उत्तम हाताळतो. वीरण्णांनाही तेच वाटायचं.

खजुरीच्या पुढं सीमेला लागून एक गाव आहे. तिथल्या सभेत गुरुबाई उभी राहिली होती. वीरण्णा तेव्हा तहसीलदार. बाईही लिंगायत घरातली, नवरा नुकताच गेलेला. या लोकांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, फुलांनी सजवलेल्या, पालखीसारख्या उभ्या विमानात बसवतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. जन्मभर राबलेला माणूस निदान त्या दिवशी राजासारखा बसून जातो. पण गावच्या समाधीच्या रानाकडं जाणारी वाट व्यंकटराव नावाच्या बड्या जमीनदारानं नांगरून आपल्या शेतात घेतली होती. उरला होता ओढ्याकाठचा अरुंद बांध. त्यावरून चौघांना विमान नेता येईना. पाय घसरले, विमान कलंडलं आणि म्हातारा ओढ्याच्या चिखलात पडला. चिखलातून काढून त्याला तसाच, आडवा, हातापायाला धरून नेला.

गुरुबाईनं हे सगळं सांगितलं. रडली नाही, पण चिखल त्याच्या तोंडात गेला होता हे तिनं दोनदा सांगितलं. डीसींनी वीरण्णांकडं पाहिलं. व्यंकटराव पहिल्या ओळीत बसलेले. वीरण्णांनी घसा खाकरला आणि कन्नडमध्ये सांगितलं, स्मशानभूमीच्या रस्त्याच्या दुरुस्तीची विनंती आहे. डीसी म्हणाले, पुढच्या आराखड्यात घ्या. झालं. रस्ता कुठल्याही आराखड्यात आला नाही, आणि आला असता तरी दुरुस्त करायला तिथं रस्ताच नव्हता.

मधे बरीच वर्षं गेली. आई गेली. शिवलीलानं खिडक्यांचा विषयच काढायचं सोडलं. वीरण्णा चढत चढत अप्पर जिल्हाधिकारी झाले. आता एकच पायरी उरली, राज्याच्या सेवेतून आयएएसमध्ये घेतात ती, मग डीसी होता येतं. निवडीची यादी बंगळुरात तयार होत होती, आणि वय असं होतं की यंदा नाव नाही लागलं तर पुन्हा कधीच नाही. नाव लागणार असं लोक सांगत होते. वीरण्णांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना नुसती झोप हवी होती.

अशा दिवसांत डीसी रजेवर गेले आणि खजुरीच्या पुढच्या त्याच गावची सभा वीरण्णांना घ्यावी लागली. पहिल्यांदाच ते खुर्चीत बसले. शेजारी उभं राहायला कोणी नव्हतं, गरजही नव्हती. कारकून सुगत लॅपटॉप घेऊन बाजूला बसला. लोक मराठीत सांगत, वीरण्णा सुगतला कन्नडमध्ये मजकूर सांगत.

गुरुबाई आली. पार वाकलेली, सुनेच्या खांद्याला धरून. तिनं तीच वाट सांगितली, तोच बांध, तोच चिखल. व्यंकटराव याही वेळी पहिल्या ओळीत होते. बंगळुरात त्यांचा शब्द चालतो हे वीरण्णांना नीट माहीत होतं. जुन्या नकाशात ती वाट आहे, हेही त्यांच्यासमोर ठेवलेल्या मोजणीच्या अहवालात लिहिलेलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि सवयीनं सुगतला सांगितलं, स्मशानभूमीच्या रस्त्याच्या दुरुस्तीची विनंती.

“तसं न्हाई म्हणले मी,” गुरुबाई म्हणाली.

वीरण्णांनी डोळे उघडले.

“मागल्या टायमालाबी तुम्ही डीसी साहेबाला असंच सांगितलाव. मी ऐकायले होते.”

“तुम्हाला कन्नड येतं, अव्वा?”

काय हा प्रश्न! या पट्ट्यात कन्नड कोणाला येत नाही? बाजारात, देवळात, सोयऱ्यांत सगळीकडं दोन्ही भाषा. गुरुबाईचं तर माहेरच कन्नड. त्या दिवशी तिनं ऐकलं होतं, तिच्या सुनेनं ऐकलं होतं, अख्ख्या सभेनं ऐकलं होतं. इतकी वर्षं गावोगाव लोक ऐकत आले होते. हे वीरण्णांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि ते स्वतः खटकचिंचोळीचे!

त्यांच्या तोंडातली साहेबाची भाषा गळून पडली. “मग तवा कामून बोलला न्हाई?”

“आपल्यातलं लेकरू हाय म्हणलं. साहेब लोकांपुढं काय सांगावं, काय झाकावं, ते तुम्हाला ठावं आसंल. असं सांगितल्यानंच काम होत आसंल, म्हणून गप बसले.”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर वीरण्णांनी त्या सहज पचवल्या असत्या, तशी सवय होती. पण तिनं विश्वास ठेवला होता आणि वाट बघत बसली होती. वीरण्णांना लाज वाटली. खुर्चीतून उठून निघून जावं इतकी वाटली.

“सुगत, ते खोडा,” ते म्हणाले, आणि तिनं जसं सांगितलं तसं कन्नडमध्ये सांगू लागले. नांगरलेली वाट, ती कोणी नांगरली त्याचं नाव, अरुंद बांध, कलंडलेलं विमान. चिखलाचं वाक्य अर्ध्यात सोडून त्यांनी गुरुबाईकडं पाहिलं. सुगत थांबला. मग गुरुबाईनंच हळू आवाजात ते वाक्य कन्नडमध्ये पुरं केलं, लेकराला धडा सांगावा तसं. सुगतनं ते लिहिलं.

त्या मजकुराखाली वीरण्णांनी हुकूम लिहायला सांगितला. नकाशाप्रमाणं वाट मोजून, विमान चौघांच्या खांद्यावर जाईल एवढी रुंद, आजच मोकळी करावी. सुगतनं छापून दिलेल्या कागदावर सही केली. व्यंकटराव उठले आणि फोन कानाला लावून मंडपाबाहेर गेले. तो फोन कुठं लागणार आणि उद्या कुठल्या यादीतून कोणाचं नाव गळणार, हे वीरण्णांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. भीती वाटली, नाही असं नाही. पण इतके दमले होते की भीतीसुद्धा धड वाटेना.

“अव्वा, आणखी काही?” त्यांनी विचारलं.

गुरुबाईनं पदर सावरला, सुनेचा खांदा धरला.

“न्हाई अप्पा. आता मी तरी बसून जाईन.”