सांडव्याजवळचं लव्हाळं

हुसेनसाब सकाळी नऊला गेले. दफन असरच्या नमाजानंतर, म्हणजे पाचच्या सुमारास. आणि त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, साबेराच्या घरात एकही चटई नव्हती.

आमचं गाव अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या पुढं. इथं कबरीत मयतावर फळ्या बसवतात, फळ्यांवर लव्हाळ्याची चटई आणि मग माती. चटई नसली तर फटींतून माती थेट अंगावर पडते. गेली तीस वर्षं ही चटई साबेराच विणते. तळ्यातलं लव्हाळं स्वतः कापायचं, वाळवून माळ्यावर ठेवायचं. बाकीच्या चटया ती बाजारात नेते. कबरीची कधी विकली नाही.

यंदा माळा रिकामा होता तो माझ्यामुळं. मी कॉलेजात छत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. डासांना वैतागून मी पंचायतीत अर्ज दिला, तळ्यातली जलपर्णी काढा म्हणून. ठेकेदाराच्या जेसीबीनं जलपर्णीबरोबर काठचं सगळं लव्हाळंही खरवडून नेलं. मी बघायलासुद्धा गेले नाही.

वाचलं ते फक्त सांडव्याजवळचं. तिथं मशीन रुतलं असतं. त्यात परवा कॅनॉलचं पाणी सुटलेलं. एरवी घोटाभर पाण्यातलं लव्हाळं आता कमरेएवढ्या पाण्यात उभं.

साडेअकराला साबेरा विळा घेऊन उतरली. तिच्या कमरेला दोर, दुसरं टोक माझ्या हातात. पुरुष सगळे कबर खोदायला गेलेले.

"साबेरा, गाळ आहे हं, जपून!"

"बाई, तुमी दोर धरा की. तोंड मागनं चालवा."

पाचव्या पावलाला ती छातीपर्यंत खचली. दोराला हिसका बसला, माझ्या तळहाताची सालटी निघाली.

"ओढू का?"

"न्हाय! थांबा!"

एकेक पाय सोडवत ती लव्हाळ्यापाशी पोचली आणि कापू लागली, पाण्याच्या वीतभर वरून. हाती येत होते जेमतेम दीड फुटाचे दांडे. दांड्याच्या लांबीएवढीच चटईची रुंदी, आणि फळ्या झाकायला अडीच फूट हवे.

"अगं, पाण्याखालून काप! लांब मिळतील!"

"खालनं कापलं तर सडतंय."

"वेळ नाही, साबेरा!"

"हितलंबी सडलं तर फुडच्या मयताला कुटनं आनू?"

लव्हाळ्याच्या तीनधारी दांड्यातूनच चिखलातल्या मुळाला हवा पोचते. पाण्याखाली कापला की आत पाणी शिरतं, मूळ गुदमरतं. वर्षानुवर्षं आकृती काढून हेच शिकवलं मी, आणि काठावर उभी राहून उलटं ओरडत होते.

"तो अर्ज माझा होता गं."

"ठाव हाय. पयली सही तुमची. माज्या भाच्यानं, शाकीरनं वाचून दावली की. आता ह्यो भारा ओढा."

चार भारे निघाले तेव्हा एक वाजला होता. वाळवायला वेळ कुठला? हिरवंच विणायचं, तेही दोन अरुंद पट्ट्या करून मध्ये सांधायचं. म्हणजे काम दुप्पट. शाकीर, हुसेनसाबांचा मुलगा, लूमवर कामाला. त्यानं टॉवेलच्या वाया गेलेल्या सुताचं बोचकं आणून टाकलं आणि तो परत कबर खोदायला गेला. साबेरा विणत होती, मी दांडे निवडून देत होते.

"बुडखा एकीकडं, शेंडा एकीकडं! कसल्या शिकल्यात तुमी?"

सव्वाचारला जनाजा उठला. दुसरी पट्टी नुकती संपत होती. साबेरानं मान वर केली नाही. भावाचं तोंड तिनं सकाळीच पाहिलं होतं. पट्ट्या गुंडाळून आम्ही धावत कब्रस्तानाच्या गेटपाशी गेलो. बायका आत जात नाहीत. बाहेर मातीतच बसून ती सांधा शिवू लागली. आत नमाज संपला.

"चटई लाओ!" आतून आवाज आला.

"ठैरो!" ती किंचाळली. सुई वाकली. तिनं दातानं सरळ केली, शेवटचे टाके ओढले आणि चटई गेटपाशी धावत आलेल्या शाकीरच्या अंगावर जवळजवळ फेकलीच.

आम्ही उभ्या. आतून काही ऐकू येईना. साबेराचे ओठ हलत होते, हातात सुई तशीच.

शाकीर परत गेटपाशी आला. "बराबर बैठी, फुपी."

"जोड बीच में आया क्या?"

"हौ."

"तो मट्टी बीच में नक्को डालो, जोड खुल जाता! पहले बाजू से. जा, बोल उनको, भाग!"

शाकीर उलट्या पावली आत पळाला.