चाक ऐकणारा माणूस

पूर्णा स्टेशनबाहेर कडुनिंबाखाली तो सायकली दुरुस्त करतो. त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही.

मुलगा पुण्याला गेल्यापासून त्याची जुनी माउंटन बाईक घरात पडून होती. तिच्यावरून शाळेत शिकवायला जायचं मी ठरवलं. पण ते जाड, खडबडीत टायर डांबरी रस्त्यावर नुसते घरघरायचे आणि माझे पाय भरून यायचे. म्हणून परभणीहून बारीक, गुळगुळीत टायर आणून सायकलीसकट कडुनिंबाखालच्या त्या माणसापुढे ठेवले.

त्यानं टायरांकडे पाहिलंसुद्धा नाही. सायकल उलटी केली आणि मागच्या रिंगवर पान्यानं हळूहळू ठोकत, मान तिरकी करून ऐकत राहिला. एका जागी थांबला. "सर, हितं तडकलीय."

मला काहीच दिसेना. वाटलं, उगाच काम वाढवतोय. त्यानं जुना टायर उतरवला, तर चाकाच्या तारेच्या भोकाशी केसाएवढी चीर!

"बारीक टायरात हवा लय कडक भरावी लागती. वाटंतच रिंग फुटली असती."

"नुसतं ऐकून कसं कळलं?" मी विचारलं.

"रेल्वेत जिंदगी गेली हेच्यात," तो म्हणाला. "गाडी थांबली की हातोडी मारून चाकं ऐकायची. आतली मानसं झोपलेली. त्यांना काईच कळलं न्हाई, म्हंजी आपलं काम बराबर झालं."

त्यानं दुसरी रिंग बसवली, एकेक तार ऐकून ताणली.

आता रोज सायकलनंच जातो. शाळेच्या फाटकाशी उतरताना लक्षात येतं, की वाटेत चाकांची आठवणच झाली नाही. मग मात्र त्याची होते.