एनिडच्या फळीवरचा मुरंबा

आमच्या ओव्हरथ्वेटचं पोस्ट ऑफिस आता सुट्टीला येणाऱ्यांना आठवड्याच्या भाड्याने मिळतं. दारावर गुलाबाचा वेल चढवलाय, वर ‘जुनं पोस्ट’ अशी पाटी. लीड्सहून येणारी जोडपी भिंतीतल्या लाल टपालपेटीशेजारी उभी राहून फोटो काढतात आणि म्हणतात, “किती शांत असेल ना तेव्हाचं आयुष्य!” मी समोरच्या गॅरेजात कुणाच्या तरी गाडीखाली पडलेला असतो. ज्या गालिच्यावर उभं राहून ही मंडळी चहा पितात, त्याच्याखालच्या फरशीवर एक तपकिरी डाग आहे. नव्या मालकाने तो सगळं लावून घासून पाहिला, आणि मग गालिचा विकत घेतला.

डाग क्लिफर्ड मेटकाफचा. त्यात थोडा त्याच्या बायकोचाही असेल, पण तिचं रक्त सांडायचं ते मागच्या खोलीत, आणि ती ते लगेच पुसून घ्यायची.

बायको म्हणजे एनिड, आमची पोस्टबाई. तिच्या आधी तिचा बाप पोस्टमास्तर होता. घर त्याचं, काउंटर त्याचं, पितळी तराजू त्याचा, आणि मरताना तो हे सगळं एकुलत्या एक मुलीच्या नावावर करून गेला. अंगाने काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. शिक्का मारायची तो रस्त्यावर ऐकू यायचा. मग मान वर करून एकच शब्द, “पुढचे!”

त्या पोस्टात चर्चपेक्षा कडक शिस्त होती ती रांगेची. लढाईच्या दिवसांत एक भरकटलेलं जर्मन विमान मागच्या कुरणात बॉम्ब टाकून गेलं. मेंढ्यांच्या चिंध्या झाल्या, खिडकीची सगळी काच रांगेवर येऊन कोसळली, माणसं आडवी झाली. उठली तेव्हा कुणाच्या कपाळातून रक्त येत होतं, कुणाच्या कानातून, पण उठली ती ज्या क्रमाने पडली होती त्याच क्रमाने. आम्हाला हे शाळेत आधी शिकवलं. राजे-राण्या मागाहून.

क्लिफर्ड खाणीत दगड फोडायचा. जत्रेत दोरखंड ओढायच्या सामन्यात आमच्या संघाचा शेवटचा गडी तोच. कमरेला दोर गुंडाळून टाच रोवली की समोरचे आठ जण चिखलात. एनिड त्यावरच भाळली असावी. खाण बंद पडली, संघ मोडला आणि ओढायला दोर उरला नाही, तेव्हा त्याने एनिडला धरलं.

त्याला स्कारबरोला, समुद्रासमोर, पब काढायचा होता. त्यासाठी एनिडने पोस्ट सोडायचं आणि घर विकायचं, एवढंच त्याचं म्हणणं. एनिड म्हणाली, नाही. त्या ‘नाही’वर तो वर्षानुवर्षं हात चालवत राहिला.

“अगं, मग देऊन टाक ना एकदाचं,” एकदा आल्डरसनबाई तिला म्हणाल्या होत्या. आल्डरसनबाई म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात अख्खी हयात घालवलेली म्हातारी. निम्मं गाव त्यांच्या कस्टर्डवर वाढलेलं आणि उरलेलं निम्मं त्यांच्या डावाचा मार खाऊन.

एनिड म्हणाली, “हे घर गेलं की माझ्याकडे क्लिफर्ड तेवढा उरेल.”

दुसऱ्या दिवशी आल्डरसनबाईंनी तिला गूजबेरीच्या मुरंब्याची बरणी नेऊन दिली.

गावाने मग हीच रीत धरली. मंगळवारी, पेन्शनच्या दिवशी, पोस्टात रांग लागलेली असायची आणि काउंटर रिकामं. मागच्या खोलीच्या बंद दाराआड काहीतरी फुटायचं.

“वारा सुटलाय आज,” विल्फ खाटीक म्हणायचा.

“उत्तरेचा आहे,” मिस पिकर्सगिल म्हणायच्या. त्या चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवायच्या. आवाज बारीक, पण अशा वेळी तोही चढायचा.

दाराआड धाड्‌. मग काहीतरी घरंगळल्यासारखं.

“रात्री पाऊस येईल बहुतेक,” रांगेतून कुणीतरी.

“येऊ दे बाई, माझ्या कोबीला हवाच आहे.”

मग दार उघडायचं, एनिड बाहेर यायची, केस नीट करायची आणि म्हणायची, “पुढचे!” ओठ फाटलेला असला तर त्या शब्दाबरोबर काउंटरवर थेंब पडायचा. ती तो टीपकागदाने टिपायची. आणि त्या आठवड्यात दोन-तीन बरण्या यायच्या. झाकणावर फुलाफुलांचं कापड, चिठ्ठीवर देणाऱ्याचं नाव. डोळा काळानिळा झाला तर गूजबेरी, दात पडला तर मऊ काहीतरी, सफरचंदाचं. एनिड ‘आभारी आहे’ म्हणायची आणि बरणी काउंटरमागच्या उंच फळीवर ठेवायची. फळी भरली तेव्हा विल्फने वर दुसरी फळी ठोकून दिली. फुकट.

एका हिवाळ्यात क्लिफर्डने गल्ल्याच्या खणात तिचा डावा हात धरून खण कंबरेने बंद केला. बोटं उसाच्या कांड्यांसारखी मोडली.

“सांधे धरलेत का गं?” मिस पिकर्सगिलनी विचारलं.

“हवेत ओल आहे ना,” एनिड म्हणाली.

एकदा रजिस्टर पार्सलावर ओतायची उकळती लाख त्याने तिच्या मनगटावर ओतली आणि वर पितळी मोहोर दाबली. पबमध्ये येऊन सांगत होता, “आता ती सीलबंद आहे. कुठे हरवायची नाही.” दोघं-तिघं हसले. मग सगळे आपापल्या ग्लासात बघत बसले. कोपऱ्यात हवालदार स्विनबँक बसला होता. त्याच्या दप्तरी एनिड जिन्यावरून पडल्याची नोंद इतक्या वेळा होती, की तो जिना एव्हाना पाडून टाकायला हवा होता.

आणि मग तो मंगळवार आला. आदल्या दिवशी एनिडने पहिल्यांदाच मागच्या दाराला आतून अडसर घातला होता. रात्री क्लिफर्ड गोठ्यात झोपला. सकाळी तो पबच्या दारात जाऊन बसला आणि दुपारी उठला, तो सरळ पोस्टाच्या पुढच्या दाराकडे. या दाराने तो कधी यायचा नाही. नवरा घरात मागून येतो, गिऱ्हाईक पुढून, इतकी साधी गोष्ट.

रांगेत सगळ्यात पुढे आल्डरसनबाई, मग विल्फ, मग मिस पिकर्सगिल, मग आणखी दोघं-तिघं आणि शेवटी मी, गाडीचा कर भरायला. दारावरची घंटा वाजली. क्लिफर्डने मला कोपराने बाजूला सारलं, बाकीच्यांना खांद्याने, आणि आल्डरसनबाईंना चक्क दोन्ही हातांनी. म्हातारी टपालाच्या पोत्यांवर आदळली. तिचा चष्मा त्याच्या बुटाखाली गेला.

मग त्याने काउंटरवरून हात घालून एनिडचे केस धरले आणि तिला ओढलं. तराजू उलटला, शाई सांडली. एनिड पोटावर काउंटरवर आली, पाय अजून पलीकडे. त्याने तिचं तोंड लाकडावर आपटलं.

“हो म्हण!”

“नाही.”

पुन्हा आपटलं. नाक फुटल्याचा आवाज मला दारापाशी ऐकू आला, ओला, गाजर मोडल्यासारखा.

“हो म्हण, नाहीतर आज इथेच मारतो तुला.”

एनिडला बोलता येत नव्हतं. तिने मान हलवली, आडवी. तो हे खरंच करणार होता, हे त्या खोलीत प्रत्येकाला कळलं. आणि खरं सांगायचं तर कुणीही हललं नाही. मिस पिकर्सगिलनी खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटतं त्या ढग शोधत होत्या.

तेवढ्यात पोत्यांवरून आवाज आला.

“क्लिफर्ड मेटकाफ, इथे रांग आहे.”

क्लिफर्डने मागे वळूनही पाहिलं नाही. “रांग गेली चुलीत, म्हातारे.”

हे बोलायला नको होतं. त्याने बायकोची हाडं मोडली, तिला डागलं, गावाने मुरंबा दिला. पण रांगेला असं बोललेलं ओव्हरथ्वेटमध्ये कुणी ऐकलं नव्हतं, जर्मन विमानाकडूनसुद्धा. हसायचं तर हसा. मी तिथे उभा होतो. खोलीतली हवा बदलली, एवढं मी शपथेवर सांगेन.

आल्डरसनबाई काठीवर जोर देऊन उठल्या. त्यांचा पहिला नंबर होता. त्यांनी तीच काठी दोन्ही हातांनी उचलली आणि क्लिफर्डच्या गुडघ्यामागे अशी हाणली की तो बसलाच. एनिडचे केस सुटले. दुसरा फटका कानावर.

विल्फ मागे उभा राहून बाह्या सारत होता. “झालं का बाई तुमचं?”

“थांब रे. चष्म्याचा राहिलाय.”

तो तिसरा दातांवर बसला. मग त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, “हं.”

विल्फने चाळीस वर्षं डुकरं सोलली होती. त्याने क्लिफर्डला कॉलर धरून उभा केला आणि जबड्यावर एकच ठोसा दिला. जबडा एका बाजूला सरकला तो तिथेच राहिला. पण क्लिफर्डही दोरखंडाचा गडी. त्याने विल्फच्या तोंडावर डोकं मारलं आणि विल्फचे पुढचे दात फरशीवर टपटपले. दोघं काउंटरवर आदळले, मागची वरची फळी कलंडली आणि बरण्या काउंटरवरून अलीकडे येऊन फुटल्या. काच, गूजबेरी, रक्त, सगळं एक. क्लिफर्ड घसरला, तळहात काचेवर टेकले. मिस पिकर्सगिल पुढे झाल्या आणि छत्रीचं लोखंडी टोक त्यांनी त्याच्या पाठीत, बरगडीखाली, शांतपणे खुपसलं. आमच्या चॅपेलमध्ये त्या शेवटचा सूर जसा लांबवायच्या तसं.

“अगाऊ मेला,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही एकच शिवी.

पुढचे दोघं-तिघंही आपापला नंबर आला तसे पुढे झाले. कुणी कुणाला ढकललं नाही. माझ्यापर्यंत वेळच आली नाही, कारण तेवढ्यात काउंटरची उचलायची फळी वर झाली आणि एनिड बाहेर आली.

चेहरा सगळा लाल, एक डोळा मिटलेला. हातात तराजूचं सगळ्यात मोठं लोखंडी वजन. क्लिफर्ड पालथा पडला होता, उजवा हात पुढे पसरलेला. ती वाकली आणि ते वजन तिने त्याच्या बोटांवर घातलं. तो गुरासारखा ओरडला. तिने वजन पुन्हा उचललं, दोन्ही हातांनी, डोक्याच्याही वर. या वेळी ती त्याच्या डोक्याकडे बघत होती.

तिला अडवायचं धाडस कुणातच नव्हतं. आणि अडवायला तोंड तरी कुठे होतं आम्हाला? घर, काउंटर, बापाचा तराजू, ज्यासाठी तिने इतकी वर्षं मार खाल्ला होता, ते सगळं आता त्या दोन हातांत वर धरलेलं होतं. खाली आलं की संपलं, कारण तुरुंगात कुणी पोस्ट चालवायला देत नाही.

“एनिड,” आल्डरसनबाई म्हणाल्या. अगदी हळू, शाळेत ताट पुढे करताना म्हणायच्या तसं. “तुझा नंबर झाला, बाळ.”

एनिड थांबली. मग तिने मागे पाहिलं, रांगेकडे, जणू कुणी खरंच वाट बघत उभं आहे. आणि वजन खाली घेऊन काउंटरवर ठेवलं.

हवालदार स्विनबँक आला तोवर आम्ही सगळे पुन्हा रांगेत उभे होतो. क्लिफर्ड फरशीवर बुडबुडे काढत होता.

“काय झालं याला?”

“पडला,” विल्फ रुमालातून म्हणाला.

“कशावरून?”

“जिन्यावरून.”

“अरे, इथे जिना कुठाय विल्फ?”

“मागच्या खोलीत. तुला माहीत नसेल तर कुणाला? तूच लिहून घ्यायचास ना.”

स्विनबँकने एनिडकडे पाहिलं. मग त्याचे कान लाल झाले.

“ओल असते तिथे,” आल्डरसनबाई म्हणाल्या. “फार घसरतं माणूस.”

त्याने तेच लिहून घेतलं. क्लिफर्डच्या जबड्यात तारा घातल्या, उजव्या हाताची बोटं पुढे कधी मिटली नाहीत. त्याची बहीण त्याला दवाखान्यातूनच हल शहरात आपल्या घरी घेऊन गेली. एकदा वसंतात तो समोरच्या रस्त्यावर येऊन उभा होता म्हणतात. मंगळवार होता. आतली रांग एकेक करून त्याच्याकडे वळली. तो निघून गेला.

गाव मोठ्या खुशीत होतं. आपण एनिडला वाचवलं, अशी गोष्ट पबमध्ये रोज थोडी वाढत होती. पुढच्या मंगळवारी आम्ही छाती पुढे काढूनच पोस्टात गेलो. एनिडच्या नाकावर पट्टी होती, आवाज घोगरा. मागे फळ्या रिकाम्या. फुटायच्या राहिलेल्या सगळ्या बरण्या तिने काउंटरवर उतरवल्या होत्या. एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं. काहींवर बुरशी धरलेली, काही काळ्या पडलेल्या.

“पुढचे!”

आल्डरसनबाई पुढे झाल्या. एनिडने त्यांची पेन्शन दिली आणि मग त्यांच्या नावाच्या बरण्या एकेक करून पुढे सरकवायला लागली. काउंटर भरलं तरी संपेनात.

“एकही खाल्ली नाहीस गं?” म्हातारीने विचारलं.

“मला गूजबेरी आवडत नाही,” एनिड म्हणाली. “कधीच आवडली नाही. कुणी विचारलं नाही.”

आल्डरसनबाईंनी पिशवी उघडली. विल्फने मदतीला हात पुढे केला, त्यांनी तो झटकला. सगळ्या बरण्या त्यांनी स्वतःच भरल्या आणि ओझ्याने वाकत दाराकडे गेल्या. घंटा वाजली.

“आज हवा जरा...” मिस पिकर्सगिलनी सवयीने सुरुवात केली आणि गप्प झाल्या.

विल्फच्या दहा-बारा निघाल्या. मग मिस पिकर्सगिल. रांग संथपणे पुढे सरकत होती, आणि प्रत्येक जण आपापल्या नंबरची वाट बघत, कुणाकडेही न पाहता, उभा होता.