आवडाबाईच्या हातचं एरंडेल

आसेगावात कोणाचं पोट दुखलं की माणूस आधी आवडाबाईची ओसरी गाठायचा. वाशिमचा दवाखाना लांब, आणि आवडाबाईचं दार पहाटेपासून उघडं. तान्ह्या लेकराला मुरडा आला तर ती मुरडशेंग उगाळून द्यायची. हगवणीला बेलफळाचा मगज, पोट फुगलं तर भाजलेला सागरगोटा आणि ओवा. गुडघे धरले तर निर्गुडीचा शेक.

ही विद्या तिनं हौसेनं घेतली नव्हती. सासू गिरजाबाईची नजर गेली तेव्हा सासू म्हणाली, "आतापासून तुह्या हातानं देत जाय. मी सांगत जाईन." पुढे सासू वारली आणि ओसरी सुनेच्या गळ्यात पडली. आवडाबाईला खरं तर मळ्यातच बरं वाटायचं. पण ती माहेरी गेली तरी तिसऱ्या दिवशी कोणीतरी बोलवायला हजर.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांच्या मळ्यात मोट हाकणारा देवमन पोट धरून आला.

"बाई, लई दुखून राह्यलं. आधी बेंबीपाशी होतं, आता इकडे आलं."

"साफ झालं काय?"

"दोन दिवस झाले, नाई."

पोट दुखलं तर आधी ते साफ करायचं, एवढं सासूनं शिकवलेलं. आवडाबाईनं गरम चहात एरंडेल घालून दिलं. देवमननं तोंड वाकडं करत ते संपवलं. दुपारी त्याच्या बायकोचा, वच्छलाचा, निरोप आला की दुखायचं थांबलं, झोपले आहेत. आवडाबाई निर्धास्त झाली.

दुसऱ्या दिवशी देवमनचं पोट फळीसारखं कडक झालं आणि अंग तापानं फणफणलं. आवडाबाईच्या नवऱ्यानं, रंगरावनं, त्याला बैलगाडीत घालून सडकेवर नेलं आणि तिथून ट्रकनं वाशिमला. वच्छला दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन बरोबर होती. डॉक्टरनं पोट तपासलं तेव्हा ती बाहेर लिंबाखाली बसली होती. आत रंगराव एकटाच होता.

"जुलाबाचं काही दिलं होतं का याला?" डॉक्टरनं विचारलं. "अशा दुखण्यात जुलाब दिला की आतडं फुटतं."

"नाई साहेब," रंगराव म्हणाला.

देवमन त्याच संध्याकाळी गेला.

रंगरावनं घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "मी नाई म्हणून बसलो. आता तू बी कोणापाशी बोलू नको."

आवडाबाई वाट पाहत राहिली, की कोणीतरी येईल आणि तोंडावर विचारेल. कोणी आलं नाही. गाव उलटंच बोलत होतं. आवडाबाईनं तर उतार पाडला होता, म्हणे, पण त्याचे दिवसच भरले होते. ते कानावर आलं की ती ताटावरून उठायची. एरंडेल दिलं नसतं तर तो जगला असता का, हे तिला कोणी सांगू शकत नव्हतं, आणि विचारायचं तर आधी कबूल करावं लागणार होतं.

तिनं एरंडेलाची बाटली उकिरड्यात ओतली. आल्यागेल्याला सांगू लागली, औषध संपलं. आठ दिवसांत तांड्यावरच्या भाऊसिंगनं ओंजळभर सागरगोटे आणून दिले, कोणी निर्गुडीचा भारा आणून टाकला.

"मले हे बंद करायचं हाये," ती नवऱ्याला म्हणाली.

"कर ना. मंग लोक इचारतील, देवमन गेल्यावरच काहून बंद केलं? काय सांगशील?"

ती पुन्हा ओसरीवर बसू लागली.

देवमनच्या जागी वच्छला मळ्यात कामाला यायला लागली. दिवसभर दोघी एकाच वाफ्यात वांगी तोडायच्या. पुढे थंडी पडली की वच्छलाचे गुडघे धरायचे. काम सुटलं की ती ओसरीवर पाय पसरून बसायची आणि आवडाबाई कोमट तेल चोळून एरंडाचं पान बांधायची. वच्छला डोळे मिटून म्हणायची, "तुह्या हातानं लई बरं वाटते, बाई." आवडाबाई मान खाली घालून चोळत राहायची. असे पाच हिवाळे गेले.

त्या वर्षांत देवीची लस टोचायला नर्सबाई गावात यायची, तेव्हा आवडाबाई तिला घरी चहाला बोलवायची आणि आडून आडून विचारायची. आतडं फुटायचं दुखणं कुठून सुरू होतं? हात लावून ओळखू येतं का? नर्सबाईनं तिला दाखवून दिलं.

शहात्तर साली शेषराव मास्तरांनी आपल्या पोरीला ओसरीवर आणलं. आवडाबाईनं उजव्या बाजूला खाली दाबलं आणि हात झटकन उचलला. पोरगी कळवळली.

"गुरुजी, हिले आताच्या आता वाशिमले न्या."

"न्यायचं ते नेऊच. पण तोवर तू काहीतरी दे."

"मी काईच देत नाई. तुमीबी देऊ नका."

मास्तरांना राग आला, पण ते गेले. पोरीचं ऑपरेशन झालं, दहा दिवसांनी ती धडधाकट परत आली. मग काय, नुसत्या हातानं दुखणं ओळखणारी बाई म्हणून आवडाबाईचं नाव शेलूबाजारापर्यंत गेलं. ओसरीवरची गर्दी दुप्पट झाली.

दोन दिवसांनी वाफ्यात वच्छलानं विचारलं, "बाई, मास्तरच्या पोरीचं तुले कसं समजलं?"

"दाबून पाह्यलं."

"कुठी?"

आवडाबाईनं स्वतःच्या पोटावर जागा दाखवली. वच्छला त्या हाताकडे पाहत राहिली. "त्याईले बी तथीच दुखत होतं," ती म्हणाली.

आवडाबाईनं टोपलं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. एरंडेल, डॉक्टरचा प्रश्न, रंगरावचं उत्तर. काही राखलं नाही. वच्छला ऐकताना वांगी तोडत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"म्हणजे मी बाहेर बसलो होतो तवाच रंगरावले माहीत झालतं."

"हो."

"अन् पाच वर्सं मी तुह्यापुढं पाय पसरून बसलो."

"तू गावाले सांग, वच्छला. मी नाई म्हणणार नाई."

"कोण आयकीन? आवडाबाईवर आळ घेते म्हणतील. अन् उद्या मले कामाले कोण ठेवीन?" तिचा आवाज चढला नव्हता. "तू सांगून मोकळी झाली. आता हे मी कुठी ठेवू?"

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामाला आली. त्या थंडीत मात्र ओसरीवर आली नाही. गुडघे सुजले होते, वाफा ओलांडताना ती मांडीला हाताचा आधार द्यायची. बायका म्हणत, आवडाबाईला दाखव ना. ती म्हणायची, दुखत नाही. आवडाबाईला वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी सुटेल. आता तिला रोज शेजारच्या ओळीतून तो घासत येणारा पाय ऐकू यायचा.

बोरं पिकली तेव्हा एका सकाळी वच्छला सात वर्षांच्या मुलीला घेऊन ओसरीसमोर उभी राहिली. मुलगी पोट दाबून वाकली होती.

"हात लावून पाह्य," वच्छला म्हणाली. "ते दुखणं हाये काय, तेवढं सांग."

आवडाबाईनं मुलीला निजवलं, बेंबीपाशी दाबलं, उजवीकडे खाली दाबलं, हात उचलला. मुलगी नुसती पाहत होती. पोट मऊ होतं.

"किती बोरं खाल्ली वं?"

"ओटीभर," मुलगी म्हणाली.

"ते नाई, वच्छला. बोरं बाधली. ओव्याचं पाणी देतो, आताच..."

"तू नको देऊ," वच्छला म्हणाली. "मी घरी करीन."

तिनं मुलीचा हात धरला आणि लंगडत गल्लीतून निघाली. आवडाबाई उठायला गेली, तोच पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्यानं धोतर वर करून आपला गुडघा तिच्यापुढे सरकवला.