कोणाच्या घरच्या तुम्ही

परवापर्यंत ही गोष्ट माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. नवऱ्याला सांगितली नाही, तो शेवटचा आजारी होता तेव्हाही नाही. मुलाला नाही. रोज देवापुढे बसते, पण तिथेही हिला वळसा घालूनच बसायची. परवा ती एकीला सांगितली. जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती, तिलाच. आणि आता तुम्हाला लिहून सांगते आहे. बसा जरा. माझं बोलणं लांबतं, सूनही तेच म्हणते. पण आज लांबवते आहे ती सवयीनं नाही — भीतीनं.

मी एका विद्यापीठात शिपाई होते. कोणत्या, ते नाही सांगत. माहेर माझं अंजनगाव सुर्जीचं, काळ्या मातीतलं, घरची वावरं असलेलं. लग्न होऊन अमरावतीला आले. शाळा सातवीत सुटली. पुढचं वाचणं-लिहिणं नोकरीतच शिकले, तेही पोरांच्या उत्तरपत्रिका चाळता चाळता. वाचायच्या नसतात त्या, पण डोळे थोडेच बांधून ठेवता येतात? एकाच विषयावर किती पोरं किती तऱ्हेनं खोटं लिहितात, हे माझ्याइतकं कोणी पाहिलं नसेल.

परीक्षा विभागाच्या मागे एक लांबोडकी इमारत होती. गोपनीय कक्ष. गठ्ठे सोडायचे, पोरांचे नंबर चिकटपट्टीनं झाकायचे, पुन्हा सुतळीनं बांधायचे — हे काम आम्ही बाया करायचो. दारावरच फोन काढून घेत. बाहेरच्या माणसाला आत येऊ देत नसत, मग तो आमच्या कर्मचारी संघटनेचा अध्यक्ष का असेना.

तिथे सुशीला होती. माझ्याहून लहान, बाळापूरची, बौद्ध घरातली, रोजंदारीवर लागलेली. डबा आमचा एकच व्हायचा. तिची आंबाडीची भाजी मी खायची, माझ्या घरचं लोणचं ती संपवायची. गठ्ठा बांधताना ती अशी बोलायची की हसून हसून सुतळीची गाठ सुटायची.

आता त्या इमारतीतली अडचण सांगते, तीही सरळ शब्दांत. बायांसाठी संडास होता. दारावर 'महिला' अशी पाटीही होती. पण आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे थेट छतापर्यंत रचलेले आणि बाहेरून कुलूप. दुसरा संडास मैदानापलीकडे मुख्य इमारतीत. तिथे जायचं तर पर्यवेक्षकाकडून सही घ्यायची, कारण सांगायचं. कोणतं कारण सांगणार हो बाईमाणूस? म्हणून आम्ही पाणीच प्यायचो नाही. मे महिन्यात, आपल्या वऱ्हाडातल्या उन्हात, सकाळपासून ओठ ओले करून बसायचो. सुशीला म्हणायची, "आपण उंटाच्या घरच्या हाओत वं बाई, संध्याकाळी एकदाच पिऊन घेऊ." हसायचो. मग एका उन्हाळ्यात तिला मुतखडा झाला, गठ्ठ्यावर डोकं टेकून ती कळवळली, आणि आमचं हसणं थांबलं.

संघटनेची प्रशासनाशी बैठक ठरली होती. मागणीपत्रात आमचंही घाला, म्हणून सुशीलानं अध्यक्षांना गाठलं. ते म्हणाले, "बाई, असे शब्द कागदावर बरे दिसत नाहीत. 'मूलभूत सुविधा' लिहू."

सुशीला म्हणाली, "मूलभूत सुविधेत ते पंखा देतीन, साहेब. संडास लिहा."

लिहिला. पण आत कोणी पाहिलेलं नव्हतं, फोटो काढता येत नव्हता. तेव्हा बैठकीत कोणीतरी बाईनं उभं राहून सांगायला हवं होतं. सुशीला रोजंदारीवर — ती बोलली तर पुढच्या हंगामात तिला काम मिळायचं नाही. मी कायम. मला कोण काढणार होतं? म्हणून मी बोलायचं आणि तिनं शेजारी बसायचं, असं ठरलं. गठ्ठे बांधता बांधता तिनं माझी तयारी करून घेतली. "आवाज काढ. काहून घाबरत वं? मी आहो ना बाजूले."

बैठकीत काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. पाहिलेलं आधी सांगते.

चहा फिरत होता, बैठक सुरू व्हायची होती. कुलसचिव — ज्यांच्या सहीशिवाय तिथलं पान हलत नव्हतं ते साहेब — रांगेतून हिंडत हिंडत आमच्याकडे आले. माझ्या खुर्चीपाशी थांबले, वाकले, हळू आवाजात माझ्याशी काही बोलले. मी मान खाली घातली. मग शेजारी सुशीलाशी एखादा शब्द बोलून ते पुढे झाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. आमची मागणी आली तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, "तिथे महिलांसाठी सोय आहे ना?" मी उभी राहिले. म्हणाले, "आहे जी." "मग काही अडचण?" मी म्हणाले, "नाही जी."

सुशीलानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — रस्त्यात आपल्या माणसाला फेफरं आलं तर पाहावं तसं. मग ती स्वतः उठली आणि सगळं बोलली. कुलूप, गठ्ठे, पाणी, मुतखडा. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्याच सोबतच्या बाई तर वेगळं सांगून राहिल्या." मागणी तिथेच संपली. पुढच्या हंगामात सुशीलाला काम मिळालं नाही. संघटनेनं फार भांडून तिला अकोल्याच्या उपकेंद्रावर लावून घेतलं. अमरावतीतलं बिऱ्हाड मोडून, लहान पोरीला घेऊन ती गेली.

जायच्या आधी ती माझ्या घरी आली. मला वाटलं, आता ही मला धुऊन काढेल. तिनं माझा हात हातात घेतला. म्हणाली, "त्यानं कानात धमकी देली ना तुले? सर्वाइनं पायलं. नोकरीवर आणलं असंन त्यानं. तुह्यावर मी बिलकुल नाराज नाई."

मी काय केलं असेल? मान खाली घातली. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. तिनं ते 'हो' समजून घेतलं आणि माझे डोळे पुसले. माझे. तिनं.

त्या दिवसापासून ही धमकीची गोष्ट संघटनेत रुळली. नव्या माणसाला सांगत — प्रशासन कसं गरीब बाईच्या कानात बोलतं. पुढे कधीतरी बाहेरची एक समिती तपासणीला येणार होती, तेव्हा एका रात्रीत ते गठ्ठे हलले, कुलूप निघालं. मी निवृत्त झाले तेव्हा अध्यक्षांनी भाषणात तोच किस्सा सांगितला आणि म्हणाले, एवढं दडपण सोसूनही ह्या बाईनं कधी तक्रार केली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुशीला खास अकोल्याहून आली होती. तिनंही वाजवल्या.

नवरा गेल्यावर मुलानं मला अकोल्याला आणलं, जठारपेठेत. सुशीलाचं घर जवळच. संध्याकाळी ती येते. आम्ही गच्चीवर बसतो, ती माझ्या सुनेची नक्कल करते, सूनही हसते. पाणी दिलं तर सुशीला अजूनही दोनच घोट घेऊन पेला खाली ठेवते. सवयच गेली तिची. आणि मी रोज तो अर्धा पेला उचलून तुळशीत ओतते.

मागच्या महिन्यात तिची लेक प्रज्ञा आली होती. ती आता कंत्राटावर त्याच कक्षात आहे आणि संघटनेत उभी राहून बोलतेही. वाकून माझ्या पाया पडली. म्हणाली, "मावशी, आमच्या महिला मेळाव्यात तुम्ही बोला. साहेब काय म्हणाला होता कानात, ते तुमच्या तोंडून ऐकू द्या पोरींना." सुशीलाच मधे पडली — "तिले नको इचारू वं. तिले अजून तरास होते त्याचा."

त्रास होतो. खरंच होतो. पण कशाचा, हे तिला कुठे ठाऊक होतं?

आता ऐका. साहेब माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही कुठल्या?" मी म्हणाले, अंजनगावची. "सुर्जीत? कोणाच्या घरच्या तुम्ही?" मी बापाचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, त्यांची आजी आमच्याच गल्लीतली, लहानपणी उन्हाळ्यात ते आमच्या विहिरीत पोहलेत, माझ्या आईनं त्यांना भाकर दिलेली आहे. "म्हणजे तुम्ही माझ्या आजोळच्या ताई झाल्या की," म्हणाले. बस. एवढंच. मान मी लाजून खाली घातली होती.

माझी आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. वाटणीवरून भाऊ बोलत नव्हता. त्या गावात मला ओळखणारं कोणी उरलं आहे, असं मला वाटतच नव्हतं. आणि हा एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर वाकून माझ्या बापाचं नाव घेतो. मग थोड्या वेळानं त्याच माणसासमोर उभं राहून संडासाचं बोलायचं? आमच्या घरच्या लेकीनं? जीभ उचललीच नाही. त्यांनी मला घाबरवलं नाही, काही मागितलं नाही, मी काय बोलणार आहे हेही त्यांना कदाचित ठाऊक नसेल. ते गेले आता. इतकी वर्षं लोक त्यांना धमकी देणारा माणूस म्हणत राहिले, आणि मी ऐकत राहिले.

हे कारण आहे. सबब नाही. फरक मला कळतो.

परवा हे सगळं सुशीलाला सांगितलं. माझ्याच स्वयंपाकघरात. ती आंबाडी निवडत होती, मी पोळ्या लाटत होते, आणि लाटता लाटताच बोलले, कारण तिच्याकडे पाहून जमलं नसतं. मी संपवलं. तव्यावरची पोळी जळली, ती तिनंच उठून उतरवली, गॅस बंद केला.

मग म्हणाली, "मले बी इचारलं होतं त्यानं."

मी म्हणाले, काय?

"तुह्याशी बोलून झाल्यावर. मले म्हणला, तुम्ही कुठल्या. मी म्हणलं, बाळापूरची. बरं, म्हणला अन् पुढं गेला. कोणाच्या घरची, हे मले नाई इचारलं. काहून नाई इचारलं, ते मले तवाच समजलं होतं. आमाले समजतेच. तुले दिसलं होतं का ते?"

मी हो म्हणाले. दिसलं होतं. मी तिच्या शेजारीच तर बसले होते.

तिनं निवडलेली भाजी चाळणीत भरली. हात धुतले, पदराला पुसले. दाराशी चपला घालताना तिचा तोल जरा गेला, मी हात पुढे केला, तिनं भिंत धरली. "येतो," म्हणाली, नेहमीसारखंच. जिना उतरून गेली. त्यानंतर अजून आलेली नाही. प्रज्ञाला मी फोन करून सांगितलं, मेळाव्यात माझी ती गोष्ट सांगू नका, ती खोटी आहे. खरी कोणती, ते आईला विचार म्हणाले.

पण सुशीलानं जेवढं विचारलं तेवढ्याचंच मी उत्तर दिलं. अजून थोडं राहिलं आहे, ते तिच्या तोंडावर माझ्याकडून निघालं नाही. ती वाचते, सारं वाचते, चष्मा पुसून पुसून वाचते — म्हणून इथे लिहिते.

सुशीला, त्यानं मला विचारलं आणि तुला विचारलं नाही, हे मला नुसतं दिसलं नव्हतं. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं.