चार दिवसांत आणलेले घट्टे

कागदावर मी गिट्टी फोडत होतो. प्रत्यक्षात भंडाऱ्यात, रस्त्याच्या खात्याच्या एका लहानशा कचेरीत, पंख्याखाली बसून टपालावर शिक्के मारत होतो. यात काही लबाडी आहे असं कोणाला वाटत नसे, मला तर मुळीच नाही. कारकुनाची जागा मंजूर नव्हती, मजुराची होती. म्हणून माझं नाव मजुरांच्या हजेरीपटावर, म्हणजे मस्टरवर, चढवलेलं होतं. भंडाऱ्याजवळच्या शहापूरवरून आत जाणाऱ्या एका रस्त्याच्या गँगमध्ये मी हजर असे. तो रस्ता मी एसटीच्या खिडकीतून पाहिला होता, तेवढाच.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी आंधळगावच्या, कोशाचं रेशीम विणणाऱ्या घरातला, मॅट्रिक दुसऱ्या झटक्यात पास झालेला, अक्षर बरं असलेला. कचेरीतले मुख्य कारकून, ज्यांना सगळे बडे बाबू म्हणत, त्यांना माझं अक्षर आवडलं आणि त्यांनी मला ठेवून घेतलं.

"सध्या रोजीवर बस," ते म्हणाले, "मंग पाहू."

हे 'मंग' किती लांब असतं याची मला तेव्हा कल्पना नव्हती. खात्यात नियम होता, की ठरावीक वर्षं सलग काम झालं तर रोजीवरच्या माणसाला कायम करायचं. त्यामुळे सलग होऊ न देण्याची पद्धतही होती. मधूनच मस्टरवरून नावं उतरत, थोड्या दिवसांनी परत चढत. त्याला ब्रेक म्हणायचे. ब्रेकमध्ये गँगची माणसं दुसऱ्याच्या शेतात, बांधीत, धानाच्या रोवण्याला जात. मी मात्र कचेरीतच येऊन फुकट शिक्के मारत बसे. मी नसलो तर खात्याचं टपाल तुंबेल असं मला मनापासून वाटे. आता वाटतं, टपाल तुंबलं असतं तरी कोणाला कळलं नसतं.

मग एका ब्रेकनंतर गँगमधल्या दोघांची नावं परत चढलीच नाहीत. त्यातला एक रोज कचेरीच्या वऱ्हांड्यात येऊन बसे. माझी खिडकी जवळ, म्हणून मलाच विचारी, "बाबू, चढलं का नाव?" मी म्हणे, उद्या या. तो दुसऱ्या दिवशी येई. पुढे तो यायचा थांबला. माझी झोप उडाली ती तेव्हा, कारण मस्टरवर त्याच्या नावाच्या अगदी खाली माझं नाव होतं.

त्याच सुमारास गँगमधली सगळ्यात जुनी बाई कचेरीत आली. तिला सगळे मावशी म्हणत, साहेबसुद्धा. ती खिडकीत कोपर टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे, मग पंख्याकडे बघत म्हणाली,

"का गा बाबू, मस्टरवर तू आमच्यातलाच होय ना? मी फोडते तेवढी गिट्टी तू बी फोडते म्हणे."

"मावशी, ते कागदावर..."

"मले मालूम हाय. म्हणून त आली. सगळ्याइचा अर्ज लिही, आमाले कायम करा म्हणून. दगड नाही फोडत त कागद त फोडशीन."

मी लिहिला. आणि लिहिताना मला चढली. अर्जदारांत मी, अर्ज नोंदवून घेणारा मी, 'वरिष्ठांकडे शिफारशीसह सादर' असं टिपण तयार करणाराही मीच. प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहायच्या होत्या. 'सदर मजूर अत्यंत कष्टाळू असून ऊन-पावसाची तमा बाळगत नाही' ही स्वतःबद्दलची ओळ मी पंखा वाढवून लिहिली. आमच्या साहेबांनी न वाचता सही केली आणि कागद नागपूरला गेले.

नागपूरहून काहीच आलं नाही. मग एके सकाळी मावशीनं सगळ्या गँगला घमेल्यांसकट कचेरीच्या आवारात आणून बसवलं. साहेबांनी मला बोलावलं.

"जा, त्यांना सांग, कामावर जा म्हणावं."

मी बाहेर गेलो. मावशीनं सरकून जागा केली, "बस," म्हणाली. अर्जात माझंही नाव होतं, न बसून कसं चालेल? बसलो. थोडा वेळ बसून आत गेलो.

"काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

"आम्ही उठत नाही म्हणतात, साहेब."

"परत जा. सांग, मी आजच आठवण पाठवतो नागपूरला."

मी परत गेलो, हे सांगितलं, आणि सगळ्यांबरोबर मीही विचार करून आत आलो. "मजकूर आम्हाला वाचून दाखवा म्हणतात, साहेब." साहेबांनी कपाळ दाबलं. मजकूर मीच लिहिणार, मीच बाहेर वाचून दाखवणार, मीच तो मान्य करणार. त्या दिवशी मला आपण फार हुशार आहोत असं वाटलं. स्मरणपत्र इतकं कडक झालं, की बडे बाबूंनी वाचून तंबाखू चोळायचं थांबवलं.

"जरा नरम कर," ते म्हणाले. "झोपलेल्याले हलवावं, चटका देऊ नये."

मी नरम केलं नाही.

नागपूर जागं झालं. उत्तराच्या लिफाफ्यावर आवकचा शिक्का मी स्वतः मारला आणि मग वाचलं. एक अधिकारी येणार होते. अर्जातला प्रत्येक मजूर ते कामाच्या जागी प्रत्यक्ष पाहणार, आणि मगच कायम करण्याचं ठरणार. यायला चार दिवस होते.

"माझं नाव काढून घेऊ का अर्जातून?" मी बडे बाबूंना विचारलं.

"काढलं त मस्टर खोटं होते. मस्टरवर साहेबाची सही हाय."

"आणि नाही काढलं तर?"

"त तू खोटा निघशीन. अन एक नाव खोटं निघालं का बाकीची खरी कोन मानीन? त्या म्हातारीचं बी जाईन." ते माझ्या हाताकडे बघत होते. "चार दिवस हायेत. मजूर हो."

कचेरीत अशी बातमी होती, की हे अधिकारी माणसाला काही विचारत नाहीत, फक्त तळहात पुढे करायला सांगतात. मी माझे तळहात पाहिले. लोण्यासारखे, शाईचा एक डाग. ज्याला घट्टे नाहीत तो मजूर नाही. तेव्हा घट्टे आणायचे.

भंडाऱ्यात मी ज्या खोलीत राहत होतो, तिच्या मागे घरमालकाची पडीक जागा होती. मी कुदळ मागून घेतली आणि ती जागा खणून काढली. घरमालकाला वाटलं पोराला अचानक सद्बुद्धी झाली, त्यांनी वांग्याची रोपं आणून ठेवली. विहिरीवर शेजाऱ्यांचं पाणी ओढलं. विटेच्या तुकड्यानं तळहात घासले. तिसऱ्या दिवशी बोटांच्या मुळाशी टपोरं काहीतरी उठलं. दुखत होतं, पण मी खूश होतो. कामावरचं सगळं एकदा पाहून घ्यावं म्हणून रस्त्यावर गेलो आणि मावशीपुढे दोन्ही हात धरले.

"हे काय होय?"

"घट्टे, मावशी."

ती हसायला लागली. बाकीच्या बायाही जमल्या, एकीनं बोट लावून पाहिलं. मग मावशीचं हसू गेलं.

"हे फोड होत, बाप्पा. घट्टा वाळून जुना होते, दुखत नाही. फोड कालचा रायते. हे त वरडून सांगून राहिले का हा कालच कामावर आला म्हणून." तिनं माझे हात खाली केले. "काहून केलं रे असं? नुसता उभा रायला असता त एखाद वेळ पाहिलं बी नसतं त्यानं."

त्या संध्याकाळी परत येताना मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. नोकरी जाईल याची होतीच. पण वऱ्हांड्यातला तो माणूस डोळ्यांपुढे येत होता, आणि आता त्याच्या जागी सगळी गँग बसलेली दिसत होती.

अधिकारी जीपमधून आले. उंच, शांत, पांढरा सदरा. आमचे साहेब आणि बडे बाबू मागे उभे. आम्ही रस्त्याच्या कडेला ओळीनं. मी डोक्याला फडकं बांधलं होतं, दुसऱ्याचा मळका सदरा घातला होता, आणि आदल्या रात्रीपासून एका चांगल्या वाक्याची तयारी करत होतो. ते ओळीतून येत गेले. हात बघायचे, मान हलवायचे, पुढे जायचे. माझ्यापाशी थांबले.

"हे काय?"

वाक्य गेलं. इतर वेळी ज्या तोंडाला बडे बाबू हात जोडत, ते तोंड कोरडं पडलं. एक फोड फुटला होता, त्यातून पाणी येत होतं. आमचे साहेब झाडांकडे बघू लागले.

"डांबर उडालं साहेब त्याच्यावर," बाजूनं मावशी म्हणाली, अगदी कंटाळल्यासारखी. "ड्रमापाशी तोच रायते. दुसरं कोनी जात नाही जवळ."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे नव्यानं पाहिलं. त्या नजरेत चक्क आदर होता.

"डांबर तू तापवतोस?"

इथे नुसती मान हलवली असती तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. पण तोंड नेमकं तेव्हाच सुटलं.

"हो साहेब. आवड आहे मला त्याची."

मावशीनं डोळे मिटले. अधिकाऱ्यांनी खिशातून पेन काढून काहीतरी लिहून घेतलं.

हुकूम आला तेव्हा पावसाळा सरला होता. सगळी गँग कायम झाली. मावशी कचेरीत आली, हुकूम दोनदा वाचून घेतला, स्वतःच्या नावावर बोट ठेवायला सांगितलं आणि तिथे जरा वेळ बघत राहिली. वाचता येत नव्हतं तिला. मग म्हणाली, "अन तुहं?"

माझंही होतं. 'डांबर तापवणे या कामाचा अनुभव व विशेष आवड लक्षात घेता सदर मजुरास त्याच कामावर कायम करण्यात येत आहे. त्याचा अन्यत्र वापर करू नये.' शेवटचं वाक्य बडे बाबूंनी हळू वाचलं.

"नकार लिहून दे," ते म्हणाले. "बस आपला टपालावर. कारकुनाची जागा निघन, मंग पाहू."

ते 'मंग' मी ओळखलं. तरी ठरवता येईना. हुकूम खिशात घालून रविवारी आंधळगावला गेलो. बाबा मागावर होते. आमच्या घरात तेव्हा दोन माग होते, एक त्यांचा आणि दुसरा, ज्यावर मी बसायला लागल्यापासून माझा म्हणत तो. मी सुट्टीत येऊन त्यावर थोडंफार विणत असे. बाबांनी हुकूम वाचला नाही, माझे हात पाहिले. फोड जाऊन तिथे खडबडीत कातडं आलं होतं.

"डांबराचं काम म्हणते?"

"हो. पण कायमची आहे, बाबा."

"ते बरं हाय. पण हात असाच होईन. कोशाचा धागा लई नाजूक, खरखरीत बोटाले अटकते अन तुटते. मंग मागावर नाही बसता येत." त्यांनी धोटा हातातून ठेवला नाही, विणणंही थांबवलं नाही. "पाह्य तू. मी जा बी नाही म्हनत, नको जाऊ बी नाही म्हनत."

मी विचारलं, मागावर घर चालेल का? ते म्हणाले, "चालून त नाही राहिलं." मग आम्ही जेवलो.

सोमवारी मी हजर झालो, कागदावर होतो त्याच रस्त्यावर. ड्रमाखाली जाळ करायचा, डांबर ढवळायचं, झारीत घेऊन द्यायचं. मावशी गिट्टीच्या ढिगापाशी होती. म्हणाली, "या, तुमाले आवड हाय ना." सगळे हसले, मीही हसलो, आणि धूर डोळ्यांत गेल्यावर डोळे पुसायचं एक कारण मिळालं. दुपारपर्यंत भुवया करपल्या. वास अंघोळीनं जात नसे, घासलेटनं अर्धा जाई. कधीतरी ट्रकमधून कचेरीतले लोक जात, बडे बाबू हात करत. माझ्या खुर्चीवर नवा माणूस बसला होता, मस्टरवर तो आमच्याच गँगमध्ये होता. त्याचं अक्षर वाईट होतं, हे मी प्रत्येकाला सांगत असे.

पण ब्रेक लागत नव्हता. मस्टर निघालं की नाव त्यावर असेच, विचारायला जावं लागत नव्हतं. हे पहिले काही महिने मला खरं वाटत नसे. मी उगाच एकदा कचेरीत जाऊन खिडकीतून बघून आलो.

उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा दारात बैलगाडी उभी होती. मोहाडीकडचा चुलतभाऊ आला होता आणि दुसरा माग सुटा करून अंगणात काढून ठेवलेला होता.

"कोणाला दिला?" मी विचारलं.

"याले. ह्याच्या घरी बसणारे हायेत," बाबा म्हणाले.

"मला विचारलं बी नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नवल वाटल्यासारखं. "तुले काय विचारायचं? तुले त नोकरी लागली ना, पक्की." मग ते गाडीकडे वळले. चुलतभाऊ एका जाड लाकडाला हात घालून थांबला होता, त्याला एकट्याला उचलेना. बाबा मला म्हणाले, "तू धर तिकडून. तुले सवय झाली आता."

मी धरलं. जड असतात मागाची लाकडं, लहानपणी मला हलतही नसत. त्या दिवशी ती मला जड लागली नाहीत.