शालिकरामचं लिंबू

गोळीबार चौकात राहून आयुष्यात एकही गोळी ठिकाणावर न लागलेला माणूस पाहायचा असेल, तर शालिकराम सोनकुसऱ्यांच्या घरी जावं. माणूस तसा लाखातला. तरुणपणी हातमागावर लुगडी विणली, माग बंद पडले तसा बर्डीच्या बाजारातल्या साडीच्या दुकानात गादीवर जाऊन बसला. बाईच्या नुसत्या नजरेवरून तिला कोणता काठ आवडणार हे तो ओळखतो. नेम धरायची वेळ आली, की मात्र सगळी ओळख संपते.

बंदूक त्याच्या बापाची, बापूजींची. छर्ऱ्याची जुनी एअरगन. मधून मोडायची, छर्रा घालायचा, मिटवायची. मोहल्ल्याचा रिवाज असा, की दसऱ्याला मैदानात दोऱ्यानं लिंबू टांगायचं आणि एअरगननं जो ते खाली आणील, त्यानं रावण पेटवायचा. बापूजी होते तोवर हा मान दुसऱ्या घरी गेला नाही. ते गेले आणि मान जो उंबरा ओलांडून गेला, तो परतलाच नाही. शालिकराम दरसाल उभा राहायचा, दरसाल लिंबू मजेत झुलत राहायचं.

हे तिथंच राहिलं असतं तर बरं होतं. पण लेकीच्या, प्रणालीच्या लग्नाच्या बैठकीत तिचे सासरे, उमरेडकडचे महादेवराव, आपल्या घरच्या जुन्या रायफलीचं कौतुक सांगत बसले. इंग्रजाच्या जमान्यातली, लायसनची, भिंतीवर टांगलेली. "धक्का असा देते म्हणता, खांदा उतरून जाते!" शालिकरामला ते सोसेना. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडं बी रावण आमच्याच हातचा राहते, इवाई. दरसाल."

इवाई म्हणजे व्याही. आणि व्याह्यापुढं मारलेली थाप कुठं ना कुठं उगवतेच. यंदा महादेवरावांचा फोन आला, "दसऱ्याले येऊन राहिलो. तुमचा नेम पाहाचा हाय."

त्या दिवसापासून शालिकरामचं जेवणातलं लक्ष गेलं.

दसऱ्याच्या सकाळी त्यानं बापूजींचा मागावरचा धोटा आणि बंदूक पूजेला पाटावर मांडली. मागावर उमेदीचा काळ गेलेला माणूस. त्याचं एकच शास्त्र, जे चालते त्याले तेल पाहिजे. धोटा अडला, तेल. चाक कुरकुरलं, तेल. त्यानं बंदूक मोडली आणि आतल्या बारक्या भोकात तेलाची धार लावली.

"अजी, बंदूक हाय का भजे तळाची कढई?" त्याची बायको मनकर्णा म्हणाली.

"तुले काय समजते वं त्याच्यातलं?"

"मले नाही समजत. म्हणून तर मी तेल नाही टाकत."

तिनं मग पूजा केली. धोट्याला कुंकू लावलं, बंदुकीला लावलं, आणि नळीच्या टोकावर नेम धरायला जी बारकी माशी असते ना, तिच्यावर तर चांगलं बोटभर थापलं. शालिकराम पुसायला गेला, तशी ती ओरडली, "सणाच्या दिवशी कुंकू पुसता काहून? तुमी जिते हा ना अजून!" त्यानं हात मागं घेतला.

संध्याकाळी मैदान भरलं. नेमाच्या खेळाचा कारभार भैय्याजींकडं. माणूस भारी कडक. लिंबामागं रेतीच्या पोत्यांची भिंत, म्हणजे छर्रा उलटून कोणाच्या डोळ्यात जाऊ नये. पुढं दोरी. दोरीच्या आत एकटा नेमबाज. आणि कोणी पाऊल पुढं टाकलं, की भैय्याजींची आरोळी, "आधी बंदूक मोडा!"

प्रत्येकाला तीन छर्रे. महादेवराव पांढरंशुभ्र धोतर नेसून पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलेले. यंदाचे बाकीचे गडी लिंबाला वारा घालून परतले होते. शालिकरामचं नाव पुकारलं गेलं.

त्यानं नेम धरला. लिंबू दिसेचना. माशीवरचं कुंकू तेवढं दिसे, लालभडक. त्यानं अंदाजानं घोडा ओढला.

धडाम!

कुत्री पळाली. नळीतून निळा धूर निघाला, आणि छर्रा लिंबाच्या हातभर वरून पोत्यात घुसला.

"एअरगन हाय का तोफ हाय, इवाई?" महादेवरावांनी कानातलं बोट काढत विचारलं.

"तेल ओतलं ना गा शालिक?" भैय्याजी ओरडले. "अबे, आत हवा दबली का तेल पेटते! मंग छर्रा जाते आभायात. भाजीले फोडणी देतो का बंदुकीले?"

मैदान हसलं. बायकांच्या घोळक्यात मनकर्णा एकटी हसली नाही. ती नवऱ्याच्या मानेकडं पाहत होती. मान घामानं भिजली होती.

दुसऱ्या छर्ऱ्याच्या वेळी महादेवरावांना राहवलं नाही. "इवाई, आवळून धरा! खांद्यात रुतवा! रायफलीचा नियमच हाय."

व्याह्याचा सल्ला कसा मोडायचा? शालिकरामनं बंदूक अशी आवळली, जशी कोणी हिसकून नेऊन राहिलं. आतली स्प्रिंग सुटली, बंदूक पुढं-मागं उसळली, त्याची घट्ट मूठही तिच्यासोबत उसळली, आणि छर्रा डावीकडच्या पोत्यात गेला. आता तेल जळून गेलं होतं, आवाज नुसता 'फट्' झाला. तेवढीच प्रगती.

एक छर्रा उरला. शालिकराम उभा राहिला, पण बंदूक वर होईना.

"थांबा, मी येऊन राहिली," म्हणत मनकर्णा दोरीपाशी आली.

"आधी बंदूक मोडा, मंग वहिनी आत!"

बंदूक मोडली. मनकर्णा आत आली, माशीवरचं कुंकू तिनं बोटानं अलगद उचललं आणि शालिकरामच्या कपाळावर लावलं. "पुसलं नाही म्या. जागा बदलली. आन् ते बंदूक काही पळून नाही जाऊन राहिली, जी. थोडी सैल सोडा."

ती दोरीबाहेर गेली. शालिकरामनं छर्रा भरला. बापूजी बंदूक कशी धरत, ते त्याला एकदम आठवलं. तळहात उघडा आणि त्यावर नळी नुसती टेकवलेली, झोपलेलं लेकरू ठेवावं तशी. त्यानं तशीच टेकवली. लिंबू दिसलं. त्याच्या वरचा दोराही दिसला.

फट्.

लिंबू होतं तसं, अख्खं, खाली मातीत पडलं. वर दोऱ्याचं तुटकं टोक हलत राहिलं.

भैय्याजींनी बंदूक मोडल्याची खात्री केली, मग जाऊन लिंबू उचललं, चारही बाजूंनी पाहिलं. "फुटलं तं नाही."

"खाली आलं का नाही?" मनकर्णा बाहेरून कडाडली.

"खाली आलं."

"रिवाज काय हाय? खाली आणाचं का फोडाचं?"

भैय्याजींनी डोकं खाजवलं. "कोष्ट्याचं पोट्टं! लिंबू सोडून दोराच पाहिला त्यानं." मग त्यांनी शालिकरामला कडकडून मिठी मारली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "इतक्या सालात पहिल्यांदा, गा! पहिल्यांदा तुह्या हातून लिंबू खाली आलं!"

मिठीतल्या मिठीत शालिकरामचा चेहरा उतरला. खुर्चीवरून महादेवराव हळूच उठले. "पहिल्यांदा?" त्यांनी विचारलं. "दरसाल ना, इवाई?"

शालिकराम मिठीतून बाहेर आला. "दरसाल बापूजींचं होतं, इवाई," तो म्हणाला. "माहं हे पहिलंच."

महादेवरावांनी मिशीवर हात फिरवला. फिरवतच राहिले.

"तुमी रायफल कधी चालवली होती, भाऊ?" मनकर्णानं गोड आवाजात विचारलं.

"आता त्याचे काडतुसंच भेटत नाही ना, इहीनबाई."

"भेटत होते तवा?"

"तवा..." महादेवरावांनी धोतराचा सोगा नीट केला. "तवा आमचे बाबा होते."

कोणी हसलं नाही. मशाल आली. शालिकरामनं ती हातात घेतली, दोन पावलं चालला, थांबला आणि म्हणाला, "या इवाई. हात लावा."

मग एका मशालीला दोन हात लावून ते दोघं रावणाकडं निघाले, खांदे ताठ, जशी काही लंकाच जिंकून राहिले. मागून मनकर्णाची हाक आली:

"अजी, पेटवलं का दोघंही लवकर मागं सरा! मिशा जळतीन!"